घरच्या फोटोंसाठी घरचाच सर्व्हर: गोव्यात उभारायचा कसा, टिकवायचा कसा

आधी जागेचा हिशेब करू. फोनने काढलेला १२ मेगापिक्सेलचा साधा फोटो ३ ते ५ एमबीचा असतो, आयफोनच्या एचईआयसी प्रकारातला साधारण त्याच्या निम्मा. म्हणजे वीस हजार फोटो जमले तरी मामला ८० जीबीच्या आसपास राहतो. जागा खातात ते व्हिडिओ. आयफोनवर फोर-के चित्रण ३० फ्रेम्सना मिनिटाला १७० एमबी घेते आणि ६० फ्रेम्सना ४०० एमबी. चवथीला घुमटआरत्यांचे दोन तास फोर-के ६० मध्ये टिपले की ४८ जीबी झाले. गूगलच्या फुकट खात्यात मिळतात १५ जीबी, तेही जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून. १ जून २०२१पूर्वी तिथे ‘हाय क्वालिटी’ फोटो मोजलेच जात नसत. तेव्हापासून मोजले जातात.

घरात चार फोन असतील, दहा-बारा वर्षांचे फोटो असतील, तर एकूण साठा बहुधा ३०० ते ८०० जीबीमध्ये बसतो. २ टीबीची डिस्क आज पुरेल, ४ टीबीची पुढची काही वर्षे काढेल. त्याहून मोठी डिस्क घेण्यापेक्षा त्याच पैशांत तेवढ्याच आकाराच्या आणखी दोन घ्याव्यात. कारण सर्व्हर उभारला म्हणजे फोटो सुरक्षित झाले, असे होत नाही. सर्व्हर ही फोटोंची एक प्रत. ती सोयीची, शोधता येणारी, घरातल्या सगळ्यांना दिसणारी प्रत असते, पण एकच. गोव्यात तर एका कडाडलेल्या विजेत भिंतीच्या प्लगला जोडलेले सगळे एकदम जाऊ शकते: संगणक, आतली डिस्क, शेजारी कायम लावून ठेवलेली बॅकअपची डिस्क आणि राउटर. म्हणून निदान एक प्रत नेहमी तारेपासून सुटी हवी आणि एक घराबाहेर हवी. बाकी सगळी मांडणी या गोष्टीभोवती करायची.

यंत्र कोणते घ्यावे

कंपन्या भाड्याने वापरून परत केलेले लहान संगणक जुन्या बाजारात सहज मिळतात. लेनोवोचा थिंकसेंटर टायनी, डेलचा ऑप्टिप्लेक्स मायक्रो, एचपीचा एलिटडेस्क मिनी, यांतले इंटेलच्या आठव्या पिढीचे आय-५ मॉडेल या कामाला उत्तम. नवेच हवे असेल तर इंटेल एन-१०० चिपवाले छोटे संगणकही चालतात. रॅम १६ जीबी घ्या. फोटो सांभाळणाऱ्या ज्या इमिच प्रोग्रामबद्दल पुढे येईल तो ६ जीबीत कसाबसा चालतो, ८ असावी अशी त्याचीच शिफारस आहे, आणि चेहरे ओळखण्याचे काम सुरू झाले की १६चा फायदा दिसतो.

घरात पडून असलेला लॅपटॉप वापरावा का? वापरता येतो आणि त्याची बॅटरी म्हणजे आयता यूपीएस. मात्र वर्षभर चार्जरला लावून ठेवलेली बॅटरी फुगते. बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, चार्जिंगची मर्यादा ६० किंवा ८० टक्क्यांवर ठेवायची सोय असेल तरच लॅपटॉप वापरा. सायनॉलॉजीसारखा तयार नॅस, म्हणजे नेटवर्कवरून वापरायचा डिस्कचा डबा, घेतला तर निम्मे कष्ट वाचतात, पण खर्च बराच वाढतो आणि वीज व दमटपणाचे प्रश्न तेच राहतात.

डिस्क घेताना एक घोळ हमखास होतो. या छोट्या संगणकांत अडीच इंची डिस्कसाठी जी जागा असते ती ७ मिलिमीटर जाडीची. २ टीबीपेक्षा मोठ्या अडीच इंची फिरत्या डिस्क १५ मिलिमीटर जाड असतात, त्या आत बसतच नाहीत. तेव्हा आत घालायची तर २ किंवा ४ टीबीची साटा एसएसडी घ्यावी. नाहीतर स्वतःचा अडॅप्टर असलेली साडेतीन इंची बाहेरची डिस्क यूएसबीने जोडावी. यूएसबीवरूनच वीज घेणाऱ्या दोन डिस्क एका स्वस्त हबला लावू नका. वीज अपुरी पडून डिस्क मध्येच गायब होते आणि मग दोष सॉफ्टवेअरमध्ये शोधण्यात रात्र जाते.

संगणकाच्या आत दुसरी लहान एनव्हीएमई एसएसडी असते, २५६ किंवा ५१२ जीबीची. ऑपरेटिंग सिस्टिम आणि इमिचचा डेटाबेस तिच्यावर, फोटो मोठ्या डिस्कवर, अशी वाटणी करा. डेटाबेस फिरत्या डिस्कवर ठेवला की फोटोंची यादी सरकवतानाच फोन अडखळतो.

असे यंत्र राउटर आणि डिस्क धरून सरासरी २५ ते ३० वॅट घेते. ३० वॅट महिनाभर म्हणजे साधारण २२ युनिट. आपल्या बिलाच्या स्लॅबने गुणून पाहा.

वीज, अर्थिंग आणि पावसाळा

इथे जरा थांबावे लागेल, कारण बाहेरच्या देशांत लिहिलेल्या माहितीत हा भाग जवळपास नसतोच.

मे महिन्याच्या शेवटी वळवाचा पाऊस आणि ऑक्टोबरात परतीचा, या दोन वेळा विजांच्या. स्पाइक गार्डमध्ये एमओव्ही नावाचा भाग असतो. तो जादा दाब जमिनीत सोडतो, म्हणजे अर्थिंग नीट असेल तरच तो पुरते काम करतो. जुन्या चिरेबंदी घरांत तीन पिनांचे सॉकेट दिसते, पण तिसऱ्या पिनेमागे तार असतेच असे नाही. चिऱ्याच्या जमिनीत अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात सुकतो आणि त्याचा रोध वाढतो, नेमका वळवाच्या तोंडावर. इलेक्ट्रिशियनकडून अर्थ टेस्टरने एप्रिलमध्येच मोजून घ्या, खड्ड्यात पाणी घाला, गरज पडली तर नवा इलेक्ट्रोड पुरून घ्या. सर्व्हरवर खर्च करण्याआधी हा खर्च करावा.

आकाशातली वीज फक्त वीजपुरवठ्याच्या तारेतून घरात येत नाही. केबलवाल्याची तांब्याची कोअॅक्स किंवा खांबावरून आलेली लॅन केबल असेल तर तीही घरात दाब आणते, राउटर मारते आणि राउटरमधून लॅनच्या तारेने सर्व्हरपर्यंत पोचते. काचेचा फायबर दाब वाहत नाही, पण खांबावरून येणाऱ्या फायबरच्या वायरीत आधारासाठी लोखंडी तार असते. ती भिंतीबाहेरच कापून सोडलेली असावी, मोडेमच्या डब्यापर्यंत आणलेली नसावी.

यूपीएस ६०० व्हीएचा पुरतो. त्यातली १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी कागदावर ८४ वॅट-तास देते. यूपीएसचा स्वतःचा खर्च वजा जाता ३० वॅटच्या भाराला नवी असताना पाऊण ते एक तास मिळतो. दोन वर्षांनी निम्मा. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याचे बटन ‘यूपीएस’ मोडवर ठेवा. साध्या मोडमध्ये बदल व्हायला वेळ लागतो आणि तेवढ्यात संगणक रीस्टार्ट होऊ शकतो.

बॅटरी संपण्याआधी सर्व्हर आपोआप बंद झाला पाहिजे. यूपीएसला यूएसबी पोर्ट असेल तर ‘नट’ नावाचा फुकट प्रोग्राम हे काम करतो. आपल्याकडच्या स्वस्त यूपीएसना बहुतेकदा पोर्ट नसतो. त्यावर उपाय आहे: घरातला दुसरा एखादा वायफाय एक्स्टेंडर किंवा स्मार्ट प्लग मुद्दाम यूपीएसच्या बाहेर, साध्या सॉकेटवर ठेवा. सर्व्हर दर मिनिटाला त्याला हाक मारतो. दहा मिनिटे उत्तर आले नाही की वीज गेली असे समजून स्वतःला नीट बंद करतो. पाच-सहा ओळींची स्क्रिप्ट पुरते.

आता बंद झालेला सर्व्हर परत चालू कसा होणार? बायोसमध्ये ‘वीज आल्यावर चालू हो’ असा पर्याय असतो, तो लावायचाच. तरीही एक फट राहते. सर्व्हर बंद झाला, पण यूपीएसची बॅटरी पूर्ण संपण्याआधीच वीज परत आली, तर संगणकाच्या दृष्टीने वीज कधी गेलीच नाही. तो बंदच राहतो, आणि घरची मंडळी आखातात किंवा मुंबईला असतील तर आठ-आठ दिवस बंद राहतो. म्हणून बायोसमधली रोज सकाळी ठरावीक वेळी चालू होण्याची सोयही लावून ठेवा. चालू असलेल्या यंत्राला तिचा काही त्रास नाही.

दमटपणाबद्दल लोकांचा अंदाज बहुधा उलटा असतो. चोवीस तास चालणारे यंत्र आतून खोलीपेक्षा गरम असते, त्यामुळे त्यात पाणी साचत नाही. जुलैत पंधरा दिवस बंद पडलेले यंत्र आणि कपाटात कपड्यांखाली ठेवलेली सुटी डिस्क, धोका यांना जास्त. सुटी डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवा. रंग बदलणारे जेल घ्या, म्हणजे कधी सुकवायचे ते कळते. डबा एसीच्या खोलीतून बाहेर आणल्यावर लगेच उघडू नका, तासभर जाऊ द्या. नाहीतर थंड डिस्कवर बाहेरच्या हवेचे पाणी धरते.

समुद्राजवळ, म्हणजे मिरामार, कळंगुट, कोलव्याच्या बाजूला, खाऱ्या वाऱ्याचा वेगळा त्रास. खिडकीखाली यंत्र ठेवले की पंखा तो वारा आत ओढतो आणि जोडण्यांवर हिरवट थर येतो. ‘स्मार्ट’ तपासणीत, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तीत, १९९ क्रमांकाचा आकडा वाढताना दिसला तर डिस्क बदलायची घाई नको. तो आकडा तारेतल्या चुकांचा आहे: केबल बदला, टोके आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. ५, १९७ आणि १९८ हे आकडे मात्र डिस्कच्या पृष्ठभागाचे. १९७ शून्यावरून वर गेला आणि खाली आला नाही, तर नवी डिस्क त्याच आठवड्यात आणा.

यंत्र जमिनीवर ठेवू नका. साखळीसारख्या वाळवंटी नदीकाठच्या गावांत पुराचे पाणी घरात येते, आणि पूर नसला तरी मुंग्या आणि पाली येतातच. पालीला उबदार यूपीएस फार आवडतो. भिंतीवरची फळी, भोवती हवा खेळेल एवढी मोकळी जागा, झरोक्यांवर बारीक जाळी, आणि पावसाळ्याआधी एकदा ब्रशने सफाई.

सॉफ्टवेअर चढवताना

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणून डेबियन किंवा उबुंटू सर्व्हर घ्या. उबुंटूच्या इन्स्टॉलरमध्ये दोन ठिकाणी लक्ष हवे. डिस्कची विभागणी तो स्वतः करतो तेव्हा मुख्य भागाला बऱ्याचदा १०० जीबीच देतो आणि उरलेली एसएसडी रिकामी सोडतो. विभागणीच्याच पानावर तो आकडा वाढवून घ्यायचा. पुढे एक यादी येते, तीत डॉकर (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात चालवणारे साधन) दिसतो, तो निवडायचा नाही. ती स्नॅप, म्हणजे उबुंटूच्या बंदिस्त पॅकेजची, आवृत्ती असते आणि बाहेरच्या डिस्कवरच्या फोल्डरांपर्यंत पोचताना अडते. डॉकर त्याच्या अधिकृत जागेवरून वेगळा चढवावा.

मोठी डिस्क एक्सटी-४ मध्ये फॉरमॅट करा. दुकानातून आलेली बाहेरची डिस्क एनटीएफएस किंवा एक्सफॅटमध्ये असते, आणि त्यांवर इमिचचा डेटाबेस चालत नाही. लिनक्सला लागणारी मालकी-परवानगीची नोंद त्या प्रकारांत ठेवता येत नाही. एफएसटॅबमध्ये, म्हणजे कोणती डिस्क कुठे जोडायची त्या यादीच्या फाइलीत, डिस्कची नोंद तिच्या यूयूआयडीने (न बदलणाऱ्या ओळखक्रमांकाने) करा, कारण एसडीए, एसडीबी ही नावे रीस्टार्टला अदलाबदल होतात. सोबत ‘नोफेल’ हा शब्द लिहा, म्हणजे डिस्क सापडली नाही तरी सर्व्हर चालू होतो आणि दुरून दुरुस्त करता येतो.

इमिच हा खुल्या स्रोताचा, फुकट प्रोग्राम आहे. गूगल फोटोसारखाच दिसतो, अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीवर अॅप आहे, घरातल्या प्रत्येकाला वेगळे खाते देता येते. त्याच्या संकेतस्थळावरून दोन फाइली उतरवायच्या: डॉकर कंपोजची आणि एन्व्ह नावाची. बदल फक्त दुसरीत. ‘अपलोड लोकेशन’समोर मोठ्या डिस्कवरचे फोल्डर, ‘डीबी डेटा लोकेशन’समोर एसएसडीवरचे, आणि डेटाबेसचा पासवर्ड फक्त इंग्रजी अक्षरे आणि अंकांचा. त्यात खुणा घातल्या की डेटाबेस सुरू होताना अडतो आणि चूक नेमकी कुठे ते संदेशात दिसत नाही. आवृत्तीच्या जागी नेमका क्रमांक लिहा. मग डॉकर कंपोज सुरू करून ब्राउझरमध्ये सर्व्हरचा पत्ता आणि त्यापुढे पोर्ट २२८३ टाकला की पहिले खाते उघडते. तेच प्रशासकाचे.

पहिला फोटो चढवण्याआधी सेटिंगमध्ये ‘स्टोरेज टेम्प्लेट’ चालू करा. तो मुळात बंद असतो, आणि बंद असताना फाइली लांबलचक यादृच्छिक नावांच्या फोल्डरांत पडतात. चालू केला की वर्ष, तारीख आणि मूळ नाव अशी ओळीने रचना होते. उद्या इमिच बंद पडला तरी कुठल्याही संगणकाला डिस्क लावून २०१९ची चवथ हाताने शोधता येते. मात्र त्या फोल्डरांतल्या फाइली हाताने हलवायच्या नाहीत, नावे बदलायची नाहीत. डेटाबेसला ते कळत नाही.

पहिल्या भरतीनंतर यंत्र काही दिवस तापलेले राहील. लहान प्रतिमा तयार करणे, चेहरे ओळखणे, चित्रातला आशय समजून शोधयोग्य करणे ही कामे एकामागून एक चालतात. लहान प्रतिमा आणि रूपांतरित व्हिडिओ यांना मूळ साठ्याच्या १० ते २० टक्के जादा जागा लागते, ती धरून चला. शोधासाठी मुळात दिलेले मॉडेल इंग्रजीपुरते आहे: ‘बीच’ असे इंग्रजीत टाका, समुद्र मिळेल; ‘समुद्रकिनारा’ टाकून काहीही येईल. सेटिंगमध्ये बहुभाषिक मॉडेलचे नाव घालता येते, मग मराठीतूनही शोधता येते. बदलल्यावर स्मार्ट सर्चचे काम सगळ्या फोटोंवर पुन्हा चालवावे लागते. माटोळी किंवा घुमट अशा शब्दांची अपेक्षा कुठल्याच मॉडेलकडून ठेवू नका. त्यांचे अल्बम करावेत.

जुने फोटो आणणे

गूगलमधून फोटो काढायचा रस्ता म्हणजे गूगलचीच टेकआउट सेवा. ते ५० जीबीपर्यंतचे झिपचे तुकडे देते आणि दुवे आठवडाभरच चालतात, तेव्हा मागणी टाकण्याआधी डिस्कवर जागा करून ठेवा. झिप उघडून फोटो तसेच इमिचमध्ये ओढले तर बऱ्याच फोटोंच्या तारखा बिघडतात. गूगलमध्ये हाताने बदललेली तारीख, अल्बम आणि मजकूर फोटोत नसतो, शेजारच्या जेसन फाइलीत असतो, आणि ती जेसन कधी दुसऱ्याच झिपमध्ये पडलेली असते. इमिच-गो हा छोटा प्रोग्राम या जोड्या जुळवतो. त्याला सगळ्या झिप एकदम द्या, न उघडता. एकेक करून दिल्या की जोड्या तुटतात.

व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोंत काढल्याची तारीख आणि जागा नसते, चित्रही दाबून लहान केलेले असते. लग्नातले फोटो काकांकडून घ्यायचे तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. इमिचमध्ये त्यांना मूळ फोटो अपलोड करायचा दुवा दिला तर त्याहून बरे.

फोन आणि घराबाहेरून प्रवेश

अँड्रॉइडवर, विशेषतः शाओमी, ओप्पो, विवो, रियलमी या फोनांवर, बॅटरी वाचवणारी यंत्रणा इमिचला मागे चालू देत नाही. अॅपच्या माहितीत बॅटरी ‘निर्बंध नाही’वर ठेवायची. आयफोनवर मागे केव्हा चालायचे ते फोनच ठरवतो, म्हणून रात्री चार्जिंगला लावताना अॅप एकदा उघडायची सवय घरात लावावी. पहिली भरती अॅप समोर उघडे ठेवूनच करावी.

सर्व्हर राउटरला तारेने जोडा. चिऱ्याच्या जाड भिंतींतून ५ गिगाहर्ट्झचा वायफाय एक खोली ओलांडली की मरतो. राउटरमध्ये सर्व्हरसाठी पत्ता राखून ठेवा, समजा १९२.१६८.१.१०. केबलवाला मोडेम बदलून गेला की ही नोंद पुसली जाते आणि सगळ्या फोनांवर एकदम ‘सर्व्हर सापडत नाही’ येते. तेव्हा सर्व्हर बिघडला असे समजून पुन्हा सॉफ्टवेअर चढवायला बसू नका, आधी पत्ता पाहा.

बाहेरून पोचण्यासाठी राउटरचे पोर्ट उघडण्याचा सल्ला जुन्या लेखांत असतो. आपल्याकडे तो बहुतेकदा चालतच नाही: अनेक ग्राहकांत एकच बाहेरचा पत्ता वाटला जातो. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांमध्ये सुरू होत असेल तर तुम्ही त्या वाटणीत आहात. चालत असता तरी नको म्हणालो असतो, कारण उघडे पोर्ट दिवसरात्र कोणीतरी ठोठावत असते. आपली यंत्रे एका खाजगी जाळ्यात जोडणारा टेलस्केल हा प्रोग्राम वापरा. सर्व्हरवर आणि प्रत्येक फोनवर तो चढवला, एकाच खात्यात जोडला, की वायरगार्डचा बंद बोगदा तयार होतो. घरगुती वापराला फुकट आहे. क्लाउडफ्लेअर टनेलचाही पर्याय सुचवला जातो, पण त्याच्या फुकट योजनेत एका वेळी १०० एमबीच्या वर चढत नाही, म्हणजे मोठे व्हिडिओ अडकून राहतात.

इमिचच्या अॅपमध्ये घरच्या वायफायवर असताना घरचा पत्ता आणि बाहेर असताना टेलस्केलचा, असे आपोआप बदलायची सोय आहे. वायफायचे नाव वाचण्यासाठी त्याला लोकेशनची परवानगी लागते. ती नाकारली की बदल होत नाही.

दुसरी आणि तिसरी प्रत

दोन डिस्क आरशासारख्या जोडल्या, ज्याला रेड म्हणतात, तर एक डिस्क मेल्यावर काम थांबत नाही. पण चुकून पुसलेला अल्बम दोन्हीवरून त्याच क्षणी पुसला जातो आणि वीज पडली तर दोन्ही जातात. घरगुती सर्व्हरला रेड नसले तरी चालेल, बॅकअप नसून चालणार नाही.

बॅकअपसाठी रेस्टिक हा प्रोग्राम घ्या. तो बदललेलेच तुकडे उचलतो, सगळे कुलूपबंद करतो आणि जुन्या तारखांची स्थिती जपतो. सात रोजच्या, चार आठवड्यांच्या आणि बारा महिन्यांच्या नोंदी ठेवाव्यात. इमिच स्वतः पहाटे २ वाजता डेटाबेसची प्रत ‘बॅकअप्स’ फोल्डरात टाकतो आणि शेवटच्या १४ जपतो. म्हणून रेस्टिक ३ वाजता लावा: आधी डेटाबेस, मग फाइली. उलट क्रमाने घेतले तर डेटाबेसमध्ये अशा फोटोंची नोंद राहते ज्यांच्या फाइलीच बॅकअपमध्ये नाहीत. ‘लायब्ररी’, ‘अपलोड’, ‘प्रोफाइल’ आणि ‘बॅकअप्स’ ही फोल्डरे घ्यायची. ‘थम्ब्स’ आणि ‘एन्कोडेड व्हिडिओ’ सोडले तरी चालते, इमिच ते पुन्हा बनवतो.

दुसरी प्रत सुट्या डिस्कवर. महिन्यातून एकदा, आभाळ निरभ्र असताना, जोडायची, रेस्टिक चालवायचा, काढून डब्यात ठेवायची. चवथ, शिगमो, जत्रा, लग्न झाल्यावर महिन्याची वाट पाहू नका.

तिसरी प्रत घराबाहेर. बहिणीच्या किंवा भावाच्या घरी एक रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक) आणि डिस्क ठेवून टेलस्केलने जोडणे हा सर्वांत स्वस्त मार्ग. घर फोंड्यात असेल तर दुसरे काणकोणात, पुण्यात, कुठेही चालेल, एकाच ट्रान्सफॉर्मरवरचे शेजारघर मात्र नको. ४०० जीबी वर चढवायला २० एमबीपीएसने सलग ४४ तास लागतात, ५०ने जवळपास १८. त्यापेक्षा पहिली भरती घरीच डिस्क जोडून करा आणि डिस्क कदंबाच्या बसने घेऊन जा. नंतर रोजचे बदल किरकोळ असतात. त्या टोकाला रेस्टिकचा रेस्ट-सर्व्हर ‘अपेंड-ओन्ली’ पद्धतीने लावला तर तुमच्या सर्व्हरमध्ये कोणी शिरला तरी जुन्या नोंदी पुसू शकत नाही. नातेवाइकांकडे सोय नसेल तर दोन सुट्या डिस्क घ्या, एक घरी, एक बँकेच्या लॉकरात, आणि त्यांची अदलाबदल करत राहा.

बॅकअप बंद पडतात ते आवाज न करता. डिस्क भरली, पासवर्डची फाइल हलली, पायचे कार्ड मेले, आणि चार महिने कोणाला पत्ता नाही. रेस्टिक यशस्वी झाला की हेल्थचेक्ससारख्या सेवेला हाक द्यायची ओळ स्क्रिप्टच्या शेवटी घाला. ठरल्या वेळी हाक गेली नाही तर ती सेवा तुम्हाला मेल करते. सर्व्हरनेच ‘मी बिघडलो’ असा मेल पाठवावा अशी व्यवस्था निरुपयोगी, बिघडलेला सर्व्हर काही पाठवत नाही.

वर्षातून दोनदा, मे आणि नोव्हेंबरात म्हणा, परत आणण्याची तालीम करा. दुसऱ्या एखाद्या लॅपटॉपवर त्याच आवृत्तीचा कोरा इमिच चढवायचा, बॅकअपमधून डेटाबेस आणि फाइली परत घालायच्या, आणि सर्वांत जुना, सर्वांत नवा व मधला एखादा व्हिडिओ उघडून पाहायचा. रेस्टिकच्या तपासणीत पाच टक्के माहिती प्रत्यक्ष वाचून पाहण्याची सोय आहे. दर महिन्याला ती चालवली तर सडणारी डिस्क वेळेत सापडते. इमिचची आवृत्ती वाढवायची तर आधी बदलांची टीप वाचा, ताजा बॅकअप घ्या, मगच क्रमांक बदला. चवथीच्या आदल्या दिवशी हा उद्योग नको.

रेस्टिकचा पासवर्ड हरवला तर बॅकअप उघडण्याचा दुसरा रस्ता नाही. तो कागदावर लिहा. त्याच कागदावर इमिचच्या प्रशासकाचे खाते, टेलस्केलचे खाते, कोणती डिस्क कुठे ठेवली आहे आणि इमिचची सध्याची आवृत्ती लिहा. एक प्रत घरच्या कागदपत्रांच्या फाइलीत प्लॅस्टिकच्या पिशवीत, दुसरी तिसऱ्या प्रतीच्या घरी. आणि घरातल्या आणखी एकाकडून, तुम्ही मदत न करता, त्या कागदावरून एक फोटो परत काढून घ्या. तो जिथे अडेल तिथे कागदावर एक ओळ कमी आहे.